बोर्डाबाहेरचे भाग : नकाशात हवेत, बोर्डावर नकोत



मागच्या भागात आपण की-कॅडमध्ये स्किमॅटिक पूर्ण करून ते बोर्डाच्या आराखड्यात कसं न्यायचं ते पाहिलं. त्यानंतर बडोद्याच्या एका प्रेक्षकाचं पत्र आलं. ते लिहितात, "सर, माझा ट्रान्सफॉर्मर पेटीच्या तळाला स्क्रूने बसवला आहे. स्विच आणि दिवे झाकणावर आहेत. बोर्डावर यांतलं काहीच नाही. मग हे सगळं स्किमॅटिकमध्ये काढायचं की नाही? काढलं तर प्रोग्राम चुका दाखवतो. नाही काढलं तर नकाशा अर्धवट वाटतो."

प्रश्न अगदी नेमका आहे. याचं उत्तर मला माहीत नव्हतं तेव्हा मी एक मोठी चूक केली होती, आणि तिची किंमत आमच्या इमारतीतल्या लोकांनी मोजली. आधी ती हकीकत सांगतो, मग उपाय. व्हिडिओमध्ये मी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं होतं. इथे पुस्तकात तेच शब्दांत लिहितो.

पाण्याच्या पंपाची गोष्ट

मी सैन्यात सिग्नल्समध्ये होतो. महूच्या मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनीअरिंगमध्ये शिकलो, पुढे तिथे शिकवलंही, आणि निवृत्तीनंतर जवळच इंदुरात राहिलो. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते खालच्या हौदात साठतं आणि पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढवावं लागतं. पंप बंद करायला कोणीतरी विसरायचं आणि टाकी वाहायची. म्हणून मी एक नियंत्रक बनवला. निवृत्त माणसाला एवढं काम पुरतं.

रचना साधी होती. टाकीत एक फ्लोट स्विच, हौदात एक फ्लोट स्विच. पाणी वर आलं की फ्लोटचा संपर्क जुळतो, पाणी उतरलं की उघडतो. बोर्डावर एक मायक्रोकंट्रोलर आणि एक रिले. नियम असा की हौदाचा फ्लोट जुळलेला असेल, म्हणजे खाली पाणी असेल, आणि टाकीचा फ्लोट उघडा असेल, म्हणजे वर जागा असेल, तरच पंप सुरू. रिलेने एक काँटॅक्टर ओढायचा आणि काँटॅक्टरने पंप चालवायचा. काँटॅक्टर, ट्रान्सफॉर्मर, झाकणावरचा ऑटो-मॅन्युअल स्विच, दोन दिवे, बझर आणि दोन्ही फ्लोट, हे सगळं बोर्डाबाहेर.

स्किमॅटिकमध्ये मी फक्त बोर्डावरचे भाग काढले. बाहेरच्या प्रत्येक गोष्टीसाठी एक कनेक्टर ठेवला आणि तिथेच थांबलो. दोन फ्लोटसाठी दोन पिनांचे दोन कनेक्टर, जे३ आणि जे४. नावं दिली फ्लोट-१ आणि फ्लोट-२. कुठला फ्लोट कुठे जातो ते माझ्या डोक्यात होतं आणि एका डायरीत होतं. नकाशाची एक प्रत पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली आणि स्वतःवर खूश झालो.

दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं. मग जिन्याखालच्या भिंतीला ओल आली. पेटी दुसऱ्या भिंतीवर हलवायची ठरली. मी तेव्हा बंगळुरूला मुलीकडे होतो, नात झाली होती. इलेक्ट्रिशियन पोराने सगळे प्लग काढले, पेटी हलवली आणि मला फोन केला. "साहब, दोनों प्लग एक जैसे हैं. नक्शे में लिखा है फ्लोट एक, फ्लोट दो. टंकी वाला कौन सा है?"

मी आठवणीने सांगितलं, आणि उलटं सांगितलं.

आता नियम पुन्हा वाचा आणि फ्लोटची अदलाबदल करा. हौदात पाणी नसेल आणि टाकी भरलेली असेल, तरच पंप सुरू. दिवसभर पंप ऑटोवर सुरूच होईना. संध्याकाळी कोणीतरी स्विच मॅन्युअलवर टाकून टाकी भरून घेतली, आणि भरल्यावर, चांगल्या सवयीप्रमाणे, स्विच परत ऑटोवर टाकला. हौद तोवर तळाला गेला होता. टाकी भरलेली, हौद रिकामा. पंप सुरू झाला आणि रात्रभर कोरडा फिरला. पंपातलं मेकॅनिकल सील पाण्यानेच थंड राहतं, कोरडं फिरलं की जळतं. सकाळी ते गेलेलं होतं. चार दिवस इमारतीला पाणी नव्हतं. आमच्या वर तिसऱ्या मजल्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक बाई एकट्या राहतात. त्या चार दिवस अर्धी अर्धी बादली घेऊन जिना चढत होत्या, हे मला परत आल्यावर कळलं.

त्या पोराची काही चूक नव्हती. त्याने नकाशा पाहिला, नकाशात उत्तर नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. चूक नकाशाची होती, म्हणजे माझी. सैन्यात बदली झाली की आपण हँडिंग ओव्हर करतो. येणाऱ्या अधिकाऱ्याला एकेक गोष्ट लिहून देतो, कारण उद्या आपण तिथे नसणार. स्किमॅटिक हेही हँडिंग ओव्हरच आहे. मी त्यात फक्त बोर्डाचा ताबा दिला होता. उपकरणाचा ताबा माझ्याकडेच राहिला होता, आणि मी होतो बंगळुरूला.

म्हणून बडोद्याच्या मित्राला पहिलं उत्तर : हो, बाहेरचे भाग काढायचेच. बोर्ड हा उपकरणाचा एक भाग आहे. स्किमॅटिक सगळ्या उपकरणाचं असलं पाहिजे. आता ते काढूनही प्रोग्रामला गोंधळात कसं टाकायचं नाही, ते पाहू.

प्रोग्राम का गोंधळतो

की-कॅड हा प्रोग्राम फ्रान्समधल्या ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केला. पुढे जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेने त्याच्या विकासाला मोठा हातभार लावला. तो मोफत आहे आणि आपल्यासारख्यांच्या कामाला भरपूर पुरतो.

त्याच्या दृष्टीने स्किमॅटिकमधल्या प्रत्येक चिन्हाला बोर्डावर एक फूटप्रिंट लागतो. फूटप्रिंट म्हणजे त्या भागाच्या पायांसाठी तांब्याचे पॅड आणि भोकं, आणि भोवतीची जागा. तुम्ही एफ-८ दाबून स्किमॅटिकवरून बोर्ड अद्ययावत करता तेव्हा तो एकेक चिन्ह घेतो आणि त्याचा फूटप्रिंट शोधतो. ट्रान्सफॉर्मरला फूटप्रिंट दिला नसेल तर सांगतो की हा भाग जोडता आला नाही, फूटप्रिंट नेमलेला नाही.

इथे लोक दोन चुका करतात. दोन्ही मी केल्या आहेत.

पहिली, इशारा येऊ द्यायचा आणि दुर्लक्ष करायचं. "ते सात इशारे नेहमीचेच आहेत." आठवा कधी आला ते कळत नाही, आणि तो खरा असतो. रोज उगाच वाजणाऱ्या घंटेचं काय होतं ते पहाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला विचारा.

दुसरी, इशारा जावा म्हणून कुठला तरी फूटप्रिंट देऊन टाकायचा आणि बोर्डाच्या कडेबाहेर ढकलून ठेवायचा. मग त्याच्या पायांपासून जोडायच्या राहिलेल्या बारीक रेषा बोर्डभर पसरतात, आणि शेवटच्या तपासणीत "जोडणी अपुरी" अशा तक्रारींची रांग लागते. त्यातली खरी राहिलेली जोडणी ओळखणं कठीण.

एक खूण पुरते

योग्य मार्ग सोपा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ही सोय आहे. चिन्हावर क्लिक करा, ई दाबा. गुणधर्मांची चौकट उघडते. त्यात "एक्सक्लूड फ्रॉम बोर्ड" असा एक चौकोन आहे. त्यावर खूण करा. संपलं. आता हे चिन्ह स्किमॅटिकमध्ये राहील, त्याच्या जोडण्या राहतील, पण एफ-८ दाबल्यावर बोर्डाकडे जाणार नाही. फूटप्रिंटची जागा रिकामी ठेवली तरी चालते.

विद्युत नियमांची तपासणी, ज्याला ईआरसी म्हणतात, ती मात्र या चिन्हांनाही लागू राहते. हा फायदाच आहे. ट्रान्सफॉर्मरचा एक पाय जोडायचा राहिला तर तुम्हाला कागदावरच कळतं, पेटीत हात घालून शोधावं लागत नाही.

शेजारीच दुसरा चौकोन आहे, "एक्सक्लूड फ्रॉम बिल ऑफ मटेरियल्स", म्हणजे सामानाच्या यादीतून वगळा. हे दोन चौकोन वेगळे का आहेत, ते समजून घ्या. यातून चार प्रकारचे भाग तयार होतात.

पहिला प्रकार, बोर्डावरही आहे आणि यादीतही आहे. रेझिस्टर, आयसी, रिले. दोन्ही चौकोन रिकामे.

दुसरा, बोर्डावर नाही पण यादीत आहे. माझा ट्रान्सफॉर्मर, काँटॅक्टर, फ्लोट, झाकणावरचा स्विच. विकत तर आणावे लागतात. फक्त पहिल्या चौकोनावर खूण.

तिसरा, बोर्डावर आहे पण यादीत नाही. स्क्रूची भोकं, तपासणीसाठी ठेवलेले तांब्याचे ठिपके. विकत काही आणायचं नाही. फक्त दुसऱ्या चौकोनावर खूण.

चौथा, दोन्हीत नाही. पंपाची मोटर. ती इमारतीत आधीपासूनच होती, पण नकाशा वाचणाऱ्याला काँटॅक्टरच्या पुढे काय आहे ते कळायला हवं. दोन्हीवर खूण.

काम सुरू करतानाच प्रत्येक भाग या चारपैकी कुठे बसतो ते ठरवा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

एक गोष्ट याच्याशी मिसळू नका. फेब्रुवारी २०२३ च्या सातव्या आवृत्तीपासून "डू नॉट पॉप्युलेट" नावाची तिसरी खूण आली आहे. तिचा अर्थ असा की बोर्डावर जागा ठेवा, पॅड ठेवा, पण भाग बसवू नका. उद्या लागला तर बसवू. बोर्डाबाहेरच्या ट्रान्सफॉर्मरला ही खूण केलीत तर तो बोर्डावर जागा मागतच राहील.

आणखी एक सावधगिरी. एखाद्या भागाचा फूटप्रिंट आधीच बोर्डावर गेला असेल आणि तुम्ही नंतर "बोर्डातून वगळा" अशी खूण केलीत, तर जुना फूटप्रिंट आपोआप जाईलच असं नाही. एफ-८ च्या चौकटीत "ज्यांना चिन्ह नाही ते फूटप्रिंट काढा" असा पर्याय आहे, तो निवडावा लागतो. पण मग तुम्ही स्किमॅटिकशिवाय थेट बोर्डावर ठेवलेली स्क्रूची भोकंही जातील. ती वाचवायची असतील तर त्या फूटप्रिंटच्या गुणधर्मांत "नॉट इन स्किमॅटिक" अशी खूण आधी करून ठेवा.

ज्यांच्याकडे पाचवी किंवा त्याआधीची आवृत्ती आहे त्यांच्यासाठी जुनी युक्ती : भागाचं नाव # या चिन्हाने सुरू केलं की तो बोर्डाकडे जात नाही. पुरवठ्याची चिन्हं अशीच हाताळली जातात. चालतं, पण जमलं तर नवी आवृत्तीच घ्या.

तार हाही एक भाग आहे

आता खरी मेख. हे मला बऱ्याच उशिरा उमगलं, म्हणून जरा सावकाश वाचा.

स्किमॅटिकमध्ये रेषा म्हणजे जोडणी. ती बोर्डावरचा तांब्याचा ट्रॅक आहे की पेटीतली दोन हातांची तार आहे, हे प्रोग्रामला कळत नाही. दोन्ही त्याला सारख्याच.

त्या प्रसंगानंतर मी नव्या बोर्डात एक सुधारणा केली. रिलेतून जे१ च्या दुसऱ्या पिनेवर २३० व्होल्ट येतात, तिथून तार काँटॅक्टरच्या कॉइलला, ए१ टोकाला जाते. मी ठरवलं की ए१ वरून एक वेगळी तार परत बोर्डावर आणायची, जे७ वर. तिथे ऑप्टोकपलर बसवून बोर्डाने खात्री करायची की व्होल्टेज कॉइलपर्यंत खरोखर पोचलं. तार तुटली, स्क्रू सैल झाला, तर बझर वाजेल.

स्किमॅटिकमध्ये मी काढलं : जे१ ची पिन, तिथून रेषा ए१ ला, ए१ वरून रेषा जे७ ला. एफ-८ दाबलं. काँटॅक्टरवर "बोर्डातून वगळा" ही खूण होतीच, त्यामुळे तो आला नाही. पण बोर्डावर जे१ आणि जे७ यांच्यामध्ये एक बारीक रेषा दिसू लागली. प्रोग्राम म्हणत होता, या दोन पिना एकाच जाळ्यातल्या आहेत, यांना ट्रॅकने जोडा. त्याच्या हिशेबाने तो बरोबर होता. ए१ बोर्डावर नाही, मग उरल्या दोन पिना.

नवशिका माणूस काय करेल? तक्रार जावी म्हणून ट्रॅक टाकेल. तपासणी स्वच्छ. आणि आता विचार करा. ट्रॅक टाकल्यावर जे७ ला व्होल्टेज थेट जे१ वरून मिळणार. बाहेरची तार तुटली तरी बोर्ड म्हणणार, सगळं ठीक आहे. ज्या तारेवर नजर ठेवायला पहारेकरी उभा केला, तो पहारेकरी आता तिच्याकडे बघतच नाही. पुन्हा पाहा, प्रोग्राममध्ये एकही चूक दिसत नाही.

यावर उपाय असा. बाहेरच्या प्रत्येक महत्त्वाच्या तारेला स्वतंत्र भाग माना. दोन पायांचं एक साधं चिन्ह करा, एका बाजूने तार आत येते, दुसऱ्या बाजूने जाते. नाव द्या डब्ल्यू१, डब्ल्यू२. त्यावर "बोर्डातून वगळा" ही खूण करा. आता जे१ आणि ए१ यांच्यामध्ये डब्ल्यू१ आहे, ए१ आणि जे७ यांच्यामध्ये डब्ल्यू२ आहे. दोन पायांचा भाग मध्ये आला की जाळी वेगळी होतात, जसा मध्ये रेझिस्टर टाकल्यावर होतात. जे१ चं जाळं एक, जे७ चं दुसरं. बोर्ड ट्रॅक मागत नाही, कारण मागायचं कारणच उरत नाही. जाळ्यांना नावं मात्र स्वतः द्या, म्हणजे बोर्डावर काम करताना वाचता येतात.

याचा दुसरा फायदा तर आणखी मोठा. डब्ल्यू१ हा भाग झाला की त्याला माहिती जोडता येते. रंग लाल, जाडी १ चौरस मिलिमीटर, लांबी ४० सेंटिमीटर, एक टोक जे१ पिन २, दुसरं टोक काँटॅक्टर ए१. ही तार सामानाच्या यादीतही येते. तारा कापायला बसाल तेव्हा यादी तयार असते.

राजस्थानात एका सरावात मी तरुण कॅप्टन होतो. लाइन टाकून आल्यावर मी फक्त एक्स्चेंजच्या बाजूला चिठ्ठ्या बांधल्या होत्या. आमचे सुभेदार साहेब आले, बघितलं, आणि एवढंच म्हणाले, "साहब, तार के दो सिरे होते हैं, तो चिट्ठी भी दो." मी परत वाळूतून चालत गेलो. इतक्या वर्षांनी डब्ल्यू१ ची माहिती भरताना ते वाक्य कानात असतं.

ज्यांच्या उपकरणात तारा खूप आहेत त्यांनी आणखी एक पाऊल पुढे जावं. बोर्डावरचा कनेक्टर जे१ एका पानावर काढा. त्यात बसणारा तारांकडचा प्लग पी१ दुसऱ्या पानावर काढा, आणि बाहेरची सगळी जोडणी त्या पानावर ठेवा. दोन्ही पानं रेषेने जोडू नका. बोर्ड आणि तारा पूर्ण वेगळे होतात. याची किंमत एवढीच की जे१ ची पिन ३ आणि पी१ ची पिन ३ खरोखर समोरासमोर आहेत का, हे ईआरसी तपासणार नाही. ते तुम्ही बोट ठेवून तपासायचं. छोट्या कामाला डब्ल्यू चिन्हांची पद्धत बरी, मोठ्या कामाला दोन पानांची.

वाचणाऱ्याला दिसलं पाहिजे

"बोर्डातून वगळा" ही खूण गुणधर्मांच्या चौकटीत लपलेली असते. छापलेल्या कागदावर ती दिसेल अशी खात्री धरू नका. म्हणून मी तीन गोष्टी करतो.

एक, बाहेरचे सगळे भाग दुसऱ्या पानावर ठेवतो आणि क्रमांक देताना "पानाचा क्रमांक गुणिले १००" हा पर्याय निवडतो. मग बोर्डावरचे भाग १०१ पासून सुरू होतात, बाहेरचे २०१ पासून. नकाशात टी२०१ दिसलं की कोणालाही कळतं, हा बोर्डावर शोधायचा नाही.

दोन, भाग जिथे बसवला आहे त्याप्रमाणे तुटक रेषेच्या चौकटी काढतो. एकीवर लिहितो "झाकण", एकीवर "पेटीचा तळ", एकीवर "गच्चीवरची टाकी".

तीन, प्रत्येक चिन्हाला "जागा" नावाची एक जादा नोंद जोडतो. सगळ्या चिन्हांच्या नोंदी एकाच तक्त्यात पाहायची सोय प्रोग्राममध्ये आहे. त्या तक्त्यात जागेप्रमाणे गट केले की दोन याद्या निघतात. बोर्ड भरून देणाऱ्याला एक, आणि पेटी जोडणाऱ्याला दुसरी. एकच यादी पाठवलीत तर बोर्ड भरणारा फोन करून विचारेल, हा काँटॅक्टर कुठे लावू? मला तसा फोन आलेला आहे.

नेहमी लागणाऱ्या बाहेरच्या भागांचा स्वतःचा एक संग्रह करून ठेवा आणि संग्रहातल्या चिन्हावरच खूण करून ठेवा. मग दर वेळी आठवण ठेवावी लागत नाही.

कागदावरून पेटीत

नकाशा कितीही चांगला असला तरी अंधारात, शिडीवर उभा असलेला माणूस तो उघडेलच असं नाही. म्हणून शेवटची खबरदारी बोर्डावरच घ्यायची.

दोन फ्लोटसाठी मी आता वेगवेगळे कनेक्टर वापरतो. टाकीला दोन पिनांचा, हौदाला तीन पिनांचा, तिसरी पिन रिकामी. तीन पिनांचा प्लग दोनच्या जागी बसतच नाही. यात खर्च काहीच वाढत नाही.

कनेक्टरशेजारी बोर्डावर छापून घेतो, "टंकी" आणि "हौद". सातव्या आवृत्तीपासून संगणकातले अक्षरसंच बोर्डावरच्या मजकुरासाठी वापरता येतात, त्यामुळे देवनागरीही लिहिता येते. अक्षर फार बारीक ठेवू नका, मात्रा आणि अनुस्वार छपाईत भरून जातात.

आणि जिथे कनेक्टर न लावता तार थेट बोर्डाला डाग देऊन जोडता, तिथे नुसता पॅड ठेवू नका. तार हलते आणि डागापाशीच तुटते. की-कॅडच्या संग्रहात "कनेक्टर वायर" नावाचा गट आहे. त्यात काही फूटप्रिंटना डागाच्या अलीकडे तार ओवून घ्यायला जादा भोक दिलेलं आहे. ओढ तिथे बसते, डाग वाचतो.

बोर्ड कारखान्यात पाठवण्याआधी माझी शेवटची कवायत अशी असते. नकाशा छापतो. पेटीसमोर बसतो. बोर्डाच्या प्रत्येक कनेक्टरच्या प्रत्येक पिनेपासून सुरू करून तार कुठे जाते ते बोटाने शेवटपर्यंत वाचतो. जिथे मला आठवणीतून उत्तर द्यावं लागतं, तिथे लाल पेनने गोल करतो. लाल गोल म्हणजे नकाशात काहीतरी कमी आहे. सगळे गोल संपल्याशिवाय बोर्ड पाठवत नाही.

नवी पेटी बसवून आता बराच काळ झाला. गेल्या पावसाळ्यात गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट खराब झाला. मी घरीच होतो, दुपारी झोपलो होतो. तोच इलेक्ट्रिशियन आला, पेटी उघडली, नकाशा वाचला, फ्लोट बदलला, तपासलं आणि गेला. मला संध्याकाळी बिल मिळालं तेव्हा कळलं. त्याने मला एकही प्रश्न विचारला नव्हता.

बडोद्याच्या मित्राने आपला ट्रान्सफॉर्मर आता निर्धास्त काढावा, चौकोनात खूण करावी, आणि प्राथमिक आणि दुय्यम बाजूच्या तारांना डब्ल्यू१, डब्ल्यू२ अशी नावं द्यावीत. बोर्ड तयार झाला की मला जरूर कळवावं.

पुढच्या भागात आपण पाहणार आहोत, ट्रॅकची रुंदी किती ठेवायची, आणि जास्त करंट जाणाऱ्या ट्रॅकला नुसती रुंदी का पुरत नाही. तोपर्यंत तुमच्या घरातली एखादी जुनी पेटी उघडा, वीज आधी बंद करून, आणि बघा, तिच्या नकाशावर किती लाल गोल पडतात.

नमस्कार.